आठ चिमट्यांची साक्ष

मी एक जुनी पत्र्याची टाकी आहे आणि माझ्या धाकट्या बहिणीने लाँड्रीच्या अंगणातली भिंत पाडली. छे! असं काही घडलेलंच नाही. हवं तर भिंतीला विचारा. भिंत सापडत नाही? मग साक्षीदार नाही, विषय संपला.

तर मित्रांनो, माझा जन्म भावजींच्या पत्र्याच्या दुकानातला. लांबी अर्धा मीटर, रुंदी अर्धा, उंची अर्धा. पोटात सव्वाशे लिटर पाणी. भावजींच्या वहिनींची लाँड्री होती. तिथे लोखंडी घोडीवर उभी राहून मी अकरा वर्षं चादरींना पाणी पुरवलं. एक थेंब गळू दिला नाही. कौतुक म्हणून एकदा रंग मिळाला, तोही दाराचा उरलेला.

पुढे गिऱ्हाइकं वाढली. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हिच्या दुप्पट टाकी करा. आणि घोडीही दुप्पट वजन पेलेल अशी."

भावजींनी मला टेप लावला. लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट, उंची दुप्पट. कोणावर अन्याय नको! पत्रा चौपट लागला, तेव्हा ते दुकानदारावर खेकसले, "तुमचा पत्रा आकसतो!" नवी टाकी लवकर भरेना, तेव्हा वहिनी नळावर खेकसल्या. घोडी कण्हली, तेव्हा तिला तेल घातलं. मी कोपऱ्यात होते. पण रिकाम्या टाकीचं कोण ऐकतं?

दोन तासांनी घोडीने पाय पसरले आणि बहीण भिंतीवर जाऊन बसली. भिंतीला ते मानवलं नाही. (हे घडलेलं नाही, लक्षात असू द्या.) अंगणात कोणी नव्हतं, एवढंच नशीब.

"वहिनी, या जुनीचंच माप खोटं!" भावजींनी माझ्या पोटावर लाल रंगाने लिहिलं: 'खोटी'. भंगारवाल्याला निरोपही गेला. अकरा वर्षांच्या नोकरीचा हा निरोपसमारंभ!

मी वाकले नाही. वाकायला मी काय घोडी आहे?

वहिनींनी बहिणीला जमिनीवर ठेवलं, मला उंच ओट्यावर, आणि माझं पाणी नळीने तिच्यात सोडलं. मी रिकामी झाले की दोरीवर एक चिमटा लावायचा आणि मला पुन्हा भरायचं. भंगारवाला हातगाडी घेऊन आला, तोही बघत उभा राहिला.

"दोन चिमट्यांत भरायला हवी ना, भावजी?"

"हवीच!"

चौथ्या चिमट्याला भावजींनी घाम पुसला. आठव्याला बहीण काठोकाठ भरली.

"आठपट पाणी, आठपट वजन. घोडी मात्र दुपटीची."

"पण मी तर सगळंच दुप्पट केलं, वहिनी!"

"तेच तर! लांबीला बे, रुंदीला बे, उंचीला बे. बे दुणे चार, चार दुणे आठ. मी एकदा दुप्पट म्हटलं, तुम्ही तीनदा ऐकलंत."

"मग 'दुप्पट पाणी' म्हणायचं होतं."

वहिनी दोरीवरचे चिमटे काढू लागल्या. भंगारवाला म्हणाला, "मग मी नेऊ काय? चिमटे?"

तो रिकामाच गेला. मी पुन्हा माझ्या जुन्या घोडीवर चढले. पण पोटावरचा शेरा तसाच आहे आणि गिऱ्हाइकं तो मोठ्याने वाचतात. मित्रांनो, मापाला खोटं ठरवण्याआधी आपण नेमकं काय दुप्पट केलं ते विचारा.

सबब अर्ज करते, की माझ्या पोटावरील 'खोटी' हा शेरा रद्द करून, वेलांटीच्या जागी मात्रा देऊन, तो भावजींच्या कपाळावर दुप्पट आकारात लिहिण्यात यावा. अक्षरे उंचीला दुप्पट, रुंदीलाही दुप्पट. सबब रंग चौपट लागेल, तशी तरतूद व्हावी, ही विनंती.