फुली मारलेल्या गाड्या

सकाळी साडेदहाच्या सुमारास भंगार यार्डाच्या फाटकावर एक निवृत्त शिक्षिका आली आणि म्हणाली, "मागच्या आठवड्यात मोडीत दिलेली माझी गाडी काल मला रस्त्यावर दिसली. चालत होती."

फाटकाबाहेर नेहमीची रांग होती. जुनी गाडी मोडीत द्या आणि नव्या गाडीवर सरकारी सूट घ्या, अशी योजना निघाली होती. लोक सूट घेत होते, पण योजनेवर विश्वास कुणाचाच नव्हता. कुणी म्हणे, नव्या गाड्यांच्या किमती आधी फुगवल्या आणि मग सूट दिली. कुणी म्हणे, आपल्या गाड्या मोडतात कुठे, रंग मारून दुसरीकडे विकतात. त्यामुळे बाईंचं वाक्य रांगेच्या टोकापर्यंत पोचायला वेळ लागला नाही.

आत शेडमध्ये उस्तादाने ते ऐकलं आणि त्याच्या हातातला पाना तसाच राहिला.

इंजिनं मारणं हे उस्तादाचं काम. आधी ऑइल काढून टाकायचं, मग त्या जागी एक द्रावण ओतायचं. यार्डात त्याला सगळे विष म्हणत. गाडी चालू करून ॲक्सिलरेटर दाबून धरला की तापलेल्या इंजिनात ते विष काचेसारखं गोठायचं. इंजिन किंचाळायचं, धडपडायचं आणि कायमचं जाम व्हायचं. मग समोरच्या काचेवर पांढरी फुली आणि दाखल्यावर उस्तादाची सही. त्या सहीशिवाय सूट सुटत नसे. फुली मारलेली एखादी गाडी जिवंत सापडली, तर सरकारला फसवल्याचा गुन्हा त्याच्याच नावावर लागणार होता. नोकरीवर ठेवतानाच त्याला तसं बजावलं होतं.

ही नोकरी लावून देणारा त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. तोच यार्डाचा सुपरवायझर. तो हसतहसत फाटकाकडे गेला.

"ताई, त्या मॉडेलच्या शेकड्यांनी गाड्या आहेत. एकीसारखी दुसरी दिसते."

"एकसारखे गणवेश घातलेली पोरं आयुष्यभर ओळखली मी," शिक्षिका म्हणाली. "स्वतःची गाडी नाही ओळखणार? कुठे आहे ती? दाखव मला."

"ती गाड्या चेपायच्या प्रेसला गेली. आतापर्यंत पत्र्याची वडी झाली असेल."

"वडी होऊन फेरफटका मारायला निघाली असेल!" रांगेतून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. पण तो हशा साधा नव्हता. माणसं आपापल्या गाड्या सोडून फाटकातून आत येऊ लागली.

मेहुण्याचा पारा चढला. "अरे, आमच्या भावोजींनी मारलेलं इंजिन पुन्हा उठत नाही! मागे उभ्या आहेत ना सगळ्या? कुठलीही निवडा. भावोजी, चाव्या आणा. होऊन जाऊ दे यांचं समाधान."

उस्तादाने चाव्यांची पेटी उचलली. ती पोटाशी धरून तो मागे निघाला.

लोकांनी पहिली गाडी निवडली. उस्तादाने चावी फिरवली. टक्, एवढाच आवाज झाला. दुसरीचंही तेच झालं. "मेलीय रे बाबा," बेकरीचा माल पोचवणारा एकजण म्हणाला. गर्दी जराशी सैलावली. उस्तादालाही वाटलं, उगाच घाबरलो.

तिसरी निळी होती. शिक्षिकेने बोट दाखवलं, "ही."

चावी फिरली आणि स्टार्टरबरोबर इंजिन घरघर फिरलं. पेट घेतला नाही, नुसतं फिरत राहिलं.

"हीसुद्धा मेलीय," मेहुणा म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

उस्तादाला मात्र कळलं. जाम झालेलं इंजिन फिरत नाही. आणि हे फिरत होतं.

शिक्षिका खिडकीतून आत वाकली. "अहो, हिचा काटा तर तळाला आहे. पेट्रोलशिवाय कशी चालू होईल?"

"पेट्रोल कोण ठेवेल त्यात?" बेकरीवाला म्हणाला. "मी तर कालच नळीने ओढून घेतलं. सरकारला गाडी द्यायची, वर पेट्रोलही द्यायचं?"

"मीही थेंब ठेवला नव्हता," शिक्षिका म्हणाली. "फाटकापर्यंत पोचते की नाही, म्हणून जीव मुठीत धरून आले होते."

सगळे हसले. सगळ्यांनी तेच केलं होतं.

उस्ताद तेवढा हसला नाही. मागच्या आठवड्यातली ती झुंबड त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. योजना आटोपती घेणार अशी आवई उठली होती आणि रांग वळणापार गेली होती. आवाजाचा त्रास नको म्हणून कानांवर रबरी कप चढवलेले. विष ओत, पाय दाब, इंजिन आचके देऊन बंद पडलं की फुली मार आणि पुढची घे. एरवी तो फुली मारण्याआधी चावी एकदा फिरवून बघायचा. त्या दिवसांत ते सोडून दिलं होतं. बंद पडलेलं प्रत्येक इंजिन विषानेच मेलं, असं त्याने धरून चाललं होतं. त्यातली काही नुसती पेट्रोल संपून थांबली होती. विष गोठायच्या आधीच.

किती, ते त्याला सांगता आलं नसतं.

"घाला पेट्रोल!" मागून आवाज आला. बेकरीवाला आपल्या डिकीतून कॅन घेऊन आलाही.

मेहुणा उस्तादाला खेटून उभा राहिला. "बॉनेट उघडा," तो ओठ न हलवता म्हणाला. "बघतो म्हणा आणि ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर ओढून ठेवा. कुणाला कळणार नाही."

उस्तादाने बॉनेट उघडलं. दोघांचीही डोकी त्याच्याआड गेली.

"बाईंची गाडी कुठे गेली?" उस्तादाने विचारलं.

"ही वेळ आहे का ते विचारायची?"

"तू विकलीस?"

"वायर ओढा, भावोजी."

"अरे, तुला ठाऊक होतं त्या जिवंत आहेत? किती विकल्यास?"

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, जरा कीव आल्यासारखं. "दाखल्यावर सही कुणाची आहे?"

वायर उस्तादाच्या बोटांत होती. एक झटका दिला असता, तर गर्दी पांगली असती, मेहुणा वाचला असता आणि तोही, निदान आजच्यापुरता. पण मग रोज सकाळी येऊन त्याला त्या फुल्यांच्या रांगांमधून चालावं लागलं असतं, यातली कुठली जिवंत आहे हे न कळता. त्याने वायर सोडली आणि बॉनेट आपटून बंद केलं.

"घाला पेट्रोल," तो म्हणाला.

तो आत बसला. नको उठूस, एवढंच तो मनात म्हणत होता. चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं. मग एक उचकी आणि निळी गाडी चालू झाली. खडखडत, धूर ओकत, पण चालू. फुली मारलेल्या काचेपलीकडे लोकांचे चेहरे त्याला तुकड्यातुकड्यांत दिसले. एकदम सगळेच बोलू लागले. कुणी पोलिसांना फोन लावला, कुणी उघड्या दारात फोन धरून उस्तादाचं चित्रण करू लागलं. त्याला इंजिन बंद करायचं होतं, पण चावीवरची बोटं वळेनात. शेवटी शिक्षिकेनेच हात आत घालून चावी फिरवली. "उतरा आता," ती हळू आवाजात म्हणाली.

दुपारी योजनेचे अधिकारी आणि पोलीस आले. फाटकाला सील लागलं. फुली मारलेल्या प्रत्येक गाडीत पेट्रोल घालून ती चालू करून बघायची, असं ठरलं आणि चाव्या फिरवायला उस्तादालाच सांगितलं. एक पोलीस त्याच्यासोबत गाडीगाडीला फिरतो आहे. बायकोचा फोन आला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अजून काही कळलं नाही."

गाड्या चेपणाऱ्या प्रेसवाल्यांनी कळवलं आहे की शिक्षिकेची गाडी त्यांच्याकडे पोचलीच नव्हती. मेहुणा मागच्या दाराने बाहेर पडला, त्याचा पत्ता नाही. संध्याकाळपर्यंत पुढच्या दोन रांगा तपासून झाल्या. त्यांत निळी धरून चार गाड्या चालू झाल्या आहेत. मागच्या रांगा बाकी आहेत.