साहेबांचा आठ नंबर

मी उजवा बोलतोय. डावाही इथे शेजारीच आहे, पण तो मुळात अबोल. शिवाय झाल्या प्रकारात जास्त दोष माझाच, असं साहेबांचं म्हणणं आहे. तेव्हा खुलासाही मीच केलेला बरा.

आम्ही चालण्याचे बूट. खोक्यावर तसं सहा भाषांत छापलं होतं. एका लांबलचक शेडमध्ये माझा जन्म झाला. एका बाईंनी माझा वरचा भाग शिवला, दुसरीने तळ चिकटवला, तिसरीने नाडी ओवली. दिवसभर शेकडो जोड्या चालण्यासाठी सज्ज करून त्या तिघी संध्याकाळी झिजलेल्या चपला ओढत घरी गेल्या. मी मात्र मऊ कागदात गुंडाळून झोपलो होतो. माझ्या आत दुहेरी गादी होती आणि तळाला खोल खाचा होत्या. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता.

दुकानात मला डोळ्यांच्या उंचीवरच्या फळीवर ठेवलं. खालच्या फळीवर एक राखाडी जोडी होती. ना नक्षी, ना चमक. मी तिच्याशी कधी बोललो नाही.

एके दिवशी सकाळी दुकान उघडताच एक जोडपं आत आलं. गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर लोकांचे तराजू आणि लिटरची मापं उलटीपालटी करून पाहिली, आणि ज्यावर सरकारी शिक्का नाही ते जप्त केलं. सगळे त्यांना साहेब म्हणत, म्हणून मीही म्हणतो. त्यांच्या पत्नीने तेहेतीस वर्षं रुग्णालयात नर्सची नोकरी केलेली. इमारतीतली मंडळी त्यांना अजूनही सिस्टरच म्हणतात.

दोघं पंधरवड्याच्या सहलीला परदेशी निघाले होते. साहेबांनी दोन महिने मोबाइलवर बुटांची परीक्षणं वाचली होती. खिशात यादी होती आणि यादीत पहिलं नाव माझं होतं.

"आठ नंबर काढा," साहेब म्हणाले.

दुकानातले चष्मेवाले विक्रेते वयाने मोठे आणि स्वभावाने शांत होते. त्यांनी पाय मोजायची लोखंडी पाटी पुढे सरकवली. "साहेब, एकदा मोजून घेऊ. वयानुसार पाय थोडा पसरतो. खरं तर संध्याकाळी आला असतात तर आणखी बरं. दिवसभरात पाय जरा फुगतो, तेव्हा माप नीट कळतं."

साहेबांनी पाटी उचलली, उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून नीट पाहिली.

"यावर शिक्का कुठे आहे?"

"पाय मोजायच्या पाटीला शिक्का नसतो, साहेब."

"मग ते माप नव्हे. आठ काढा. लग्नात आठ होता, आजही आठच आहे."

सिस्टर शेजारच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी मुकाट्याने चप्पल काढून पाटीवर पाय ठेवला. लग्नात पाच नंबर असलेला पाय आता साडेसहा भरला. त्यांना हसू आलं. "वाढणारच. उभं राहण्यातच आयुष्य गेलं."

विक्रेत्यांनी विचारलं, "तुम्हाला कसे हवेत, ताई?"

सिस्टरांनी पर्समधून सहलीच्या पुस्तिकेचं एक पान काढलं. टेकडीवरचा एक जुना दगडी मनोरा होता त्यावर. "वर जायला तीनशे बारा पायऱ्या आहेत. त्या चढता आणि उतरता येतील असे द्या."

साहेब हसले. "अगं, तुझे गुडघे! तुला कुठलेही चालतील. तू खाली बॅगांपाशीच बसणार."

असं बोलत होते की जणू घरात गुडघे एकाच माणसाला होते. पण त्या बोलण्यामागे मोठी परंपरा होती, ती मला पुढे कळली. लग्नापासून हे दोघं जिथे जिथे गेले, तिथे तिथे साहेब वर गेले आणि सिस्टर खाली बॅगा सांभाळत बसल्या. आधी कडेवर मूल होतं म्हणून, मग मुलाची शाळेची बॅग होती म्हणून, मग मूल स्वतःच साहेबांबरोबर वर जायला लागलं म्हणून. गुडघे हे कारण अगदी अलीकडचं. रुग्णालयाचे जिने रोज वीस वेळा चढणाऱ्या बाईला किल्ल्याचा एक दरवाजाही आतून पाहायला मिळाला नव्हता.

सिस्टरांनी ती राखाडी जोडी मागितली आणि घालून दुकानात चांगल्या दहा फेऱ्या मारल्या. साहेबांनी मात्र बसल्या बसल्या मला पायात कोंबलं आणि अंगठ्यापाशी दाबून "फर्स्ट क्लास" असा शेरा दिला. चालून बघा म्हटलं तर म्हणाले, "चालायला मी काय आज शिकतोय?"

आत त्यांची करंगळी आडवी होऊन मला टेकली होती. ते सांगायला मला तोंड नव्हतं. बुटाला जीभ असते, पण ती अशा वेळी कामाची नाही.

घरी आल्यावर मला खोक्यासकट कपाटावर ठेवण्यात आलं. "परदेशात नवीकोरी वस्तू बाहेर काढू," असा साहेबांचा आदेश होता. सिस्टर रोज सकाळी राखाडी जोडी घालून इमारतीचे चार मजले चढायच्या आणि उतरायच्या. पहिल्या आठवड्यात दोन वेळा, मग चार, मग सहा. साहेब पेपरातून डोकं वर काढून म्हणायचे, "नव्या बुटांची वाट लावतेस. तिकडे जाईपर्यंत जुने दिसतील." मलाही तेव्हा तसंच वाटायचं. कपाटावर बसून त्या राखाडी जोडीची मी कीव करत असे.

निघायच्या आदल्या दिवशी सिस्टर एवढंच म्हणाल्या, "अहो, एकदा तरी घालून खाली जाऊन या." साहेब म्हणाले, "तू तुझं बघ."

विमानातच माझी शिवण ताणली. बसून बसून साहेबांचा पाय फुगला, पण "बूट जरा घट्टच असावा, पाय धरून ठेवतो" असं ते शेजारच्या प्रवाशाला समजावून सांगत होते. दुसऱ्या दिवशी त्या जुन्या शहरातले गोटे बसवलेले रस्ते आले. दुपारपर्यंत साहेब लंगडायला लागले. जोडा चावतो असं माणसं म्हणतात. मला दात नाहीत हो. नऊ नंबरचा पाय आठ नंबरच्या घरात राहायला आला, तर भिंती लागणारच.

"माल खराब आहे," साहेब आख्ख्या ग्रुपला सांगत सुटले. "परीक्षणं सगळी खोटी." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय.

तिसऱ्या दिवशी मनोऱ्याची पाळी आली. त्या सकाळी सिस्टरांनी हॉटेलच्या खोलीत साहेबांचा उजवा पाय मांडीवर घेतला. टाच सोलली होती आणि करंगळीवर टपोरा फोड होता. त्यांनी तो साफ केला, पट्टी बांधली आणि रुग्णालयातल्या आवाजात म्हणाल्या, "आज चढायचं नाही. पाय चिघळेल."

टेकडीच्या पायथ्याशी बस थांबली. टूर मॅनेजर मुलीने छत्री उंच धरून सगळ्यांना गोळा केलं. "वर मोठ्या बॅगा नेता येत नाहीत. कोणी खाली थांबणार आहे का?"

तीन दिवसांत ग्रुपलाही सवय झालेली. सगळ्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. साहेब बाकावर टेकले आणि म्हणाले, "आम्ही दोघंही थांबतो. हिचे गुडघे आणि माझा पाय. काय विशेष असतं वर? दगड."

सिस्टर उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा इतका पडला की मला साहेबांच्या पायात असल्याची लाज वाटली. मग त्यांनी पर्समधून पाण्याची बाटली काढून हातात घेतली आणि पर्स साहेबांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही थांबा," त्या म्हणाल्या. "मी जाऊन येते."

"अगं, पण मी एकटा..."

"एकटे कुठे? बॅगा आहेत की."

त्या गेल्या. राखाडी जोडीने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

साहेबांनी मला काढून बाकाखाली ठेवलं आणि बॅगा मोजल्या. अकरा होत्या. पाच मिनिटांनी परत मोजल्या. कोणीतरी येऊन छत्री ठेवून गेलं, कोणी स्वेटर. बाकावर ऊन आलं, पण अकरा बॅगा घेऊन सावलीत जाणार कसे? लघवीला जायचं होतं, तेही राहिलं. वर पाहिलं की मनोऱ्याच्या टोकावर मुंगीएवढी माणसं हात हलवताना दिसायची. त्यातली आपली कोणती हे कळत नव्हतं, तरी साहेबांनी एकदा हात हलवून पाहिला. मग इकडेतिकडे बघून खाली घेतला.

एक तास चाळीस मिनिटांनी सिस्टर उतरल्या. घामाने चिंब आणि गालांवर लाली. साहेबांनी रागाचं वाक्य तयार ठेवलं होतं, ते मी ऐकलं होतं, कारण ते त्यांनी दोनदा पुटपुटून पाहिलं होतं. पण प्रत्यक्षात त्यांनी वेगळंच विचारलं.

"तू काय करायचीस गं इतका वेळ? दर वेळी?"

सिस्टर बाकावर बसल्या. पाणी प्यायल्या.

"पहिली काही वर्षं तुमचा राग यायचा," त्या म्हणाल्या. "मग बॅगा मोजायला लागले."

साहेब माझ्याकडे बघत बसले. त्यांनी मला इतकं निरखून पहिल्यांदाच पाहिलं असेल. पण बूट पाहत नव्हते ते, हे मलाही कळलं.

परतल्यावर चांभाराने मला लाकडी साच्यावर दोन दिवस ताणलं. सैल झालो, पण तितका नाही. आता माझा मुक्काम दाराजवळच्या खणात असतो. साहेबांनी नवे घेतले, नऊ नंबरचे, आणि रोज सकाळी सिस्टरांच्या मागून जिना चढतात. पायातली वहाण पायातच बरी म्हणतात. मी आता पायातही नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. इमारतीतल्या लिफ्टवाल्याचा पाय खरोखर आठ नंबरचा आहे, आणि येत्या रविवारी मी त्याच्याकडे जाणार आहे.

जाण्याआधी हात जोडून एक विनंती. जोडा घ्यायला निघाल, तेव्हा आधी घरात कोणाकोणाला चालायचंय ते विचारून घ्या.

काल पाहुणे आले होते. प्रवासाच्या गोष्टी सांगणं हे या घरात साहेबांचं काम. विमान, हॉटेल, रस्ते, सगळं रंगवून सांगत ते मनोऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

"वर काय होतं?" पाहुण्यांनी विचारलं.

"ते हिला विचारा," साहेब म्हणाले. "मी खाली होतो."

सिस्टर सांगायला लागल्या. पहिल्या पायरीपासून.