कोमट बॉनेट

किनुएच्या पांढऱ्या गाडीनं मेकॅनिक म्हणून माझी पार अब्रू घालवली होती. महिन्याभरात दोनदा मी तिचा हवेचं तापमान मोजणारा सेन्सर बदलला. इंजिनात शिरणारी हवा थंड की गरम हे तो सांगतो, आणि तो खोटं बोलला की इंजिन नको तितकं पेट्रोल पितं. पहिला खरंच मेला होता. दुसरा मी निव्वळ रागानं बदलला. तरी टाकी चार दिवसांत रिकामी.

"मिझोगुची, शाळेत तू गणित माझ्या वहीतून उतरवायचास," किनुए म्हणाली. "आता कुणाचं उतरवतोस?"

ती आमच्या बंदराच्या गावात टपालाची गाडी चालवते, त्यामुळे माझी फजिती दारोदार पोचणार हे ठरलेलं.

"आज रात्री गाडीला हात लावू नकोस," मी म्हणालो. "सकाळी सहाला येतो. रात्रभर उभ्या गाडीत इंजिनाचं पाणी, इंजिनात शिरणारी हवा आणि बाहेरची हवा, तिन्हींचे आकडे जवळपास सारखे यायला हवेत. जो वेगळा, तो चोर." निघताना मी किलोमीटरचा आकडा टिपून घेतला. महिन्यापूर्वीच टिपायला हवा होता, पण सेन्सरच्या नादात माझी अक्कल गहाण पडली होती.

सकाळी बाहेर दोन अंश होते. किनुए चहाचा पेला घेऊन शेजारी उभी राहिली. मी यंत्र जोडलं. इंजिनात शिरणारी हवा सव्वीस.

"सापडला," मी म्हणालो. लगेच पुढचा आकडा आला. इंजिनाचं पाणी चव्वेचाळीस.

दोन वेगळे सेन्सर एकाच वेळी एकसारखं खोटं बोलत नाहीत. मी बॉनेटवर हात ठेवला. कोमट होतं. किलोमीटर पाहिले, तर कालच्यापेक्षा अठरा जास्त.

किनुएनंही आकडा वाचला. "चावी देवघराच्या खणात असते," ती म्हणाली. "बाबांनाच माहीत आहे."

तिचे वडील तोकुजीसान त्र्याऐंशी वर्षांचे, जन्म होडीवर गेलेला. गेल्या शरदात त्यांनी शाळेच्या भिंतीला गाडी घासली, तेव्हा तिनंच त्यांना पोलीस चौकीत नेऊन लायसन्स परत करायला लावलं. घरी शुभकार्याला करतात तसा लाल भात केला. म्हातारा तीन दिवस बोलला नाही.

"वृद्धाश्रमात त्यांच्यासाठी जागा झालीय. दोनदा मी नाही म्हटलं," ती म्हणाली. "आता कशी म्हणू? उद्या कुणाचं पोर चाकाखाली आलं तर?"

तोकुजीसान दारात येऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"मी चालवत नाही," ते म्हणाले. "तू चालवतेस."

किनुएनं चहाचा पेला खाली ठेवला.

"झोपेची गोळी घेतेस त्या रात्री. तीनला उठतेस. डोळे उघडे असतात. हाक मारली तर म्हणतेस, बसा बाबा. मग मी बसतो शेजारी."

"कुठे जातो आपण?" तिनं विचारलं.

"आडवळणानं बंदरावर. धक्क्याच्या टोकाला मी हँडब्रेक ओढतो. मग तू गाडी वळवतेस आणि घरी आणतेस."

त्या धक्क्याला कठडा नाही.

"चावी का नाही लपवलीत?" मी विचारलं.

"लपवली होती एकदा. अनवाणीच निघाली, बर्फातून. गाडीत निदान मी बाजूला असतो." मग ते लेकीला म्हणाले, "तुझंही लायसन्स गेलं तर टपालातली नोकरी गेली. आणि ते हातातून जाताना कसं वाटतं, ते मला माहीत आहे."

"खोटं," किनुए म्हणाली. "स्वतःला वाचवायला माझ्यावर घालताय, बाबा. त्या गोळ्या मी तुमच्याच काळजीनं घेते." तिनं फोन काढला आणि आश्रमाचा नंबर लावला. "मिझोगुची, तू तरी सांग यांना."

मी गाडीचं दार उघडलं. चालकाची सीट अगदी पुढे ओढलेली होती, किनुएच्या आखूड पायांना लागते तितकी. तोकुजीसान आमच्या गल्लीतले सगळ्यांत उंच. तिथे त्यांचे गुडघे मावलेच नसते. शेजारची सीट मात्र पार मागे सरकवलेली, आणि तिच्यापुढच्या पायपुसण्यावर त्यांच्या बुटांचा ओला ठसा.

मी नुसतं बोट दाखवलं. किनुएनं वाकून आधी ही सीट पाहिली, मग ती. ती सरळ झाली तेव्हा तिचं तोंड पांढरंफटक पडलं होतं. तीस वर्षांत एखादा पार्ट खराब निघावा असं मला पहिल्यांदाच वाटलं.

तेवढ्यात फोन उचलला गेला. "नमस्कार, बोला," एक बाई म्हणाली. "कुणासाठी फोन केलात?"

तोकुजीसाननी तिच्या हातातून फोन घेतला आणि "माफ करा, चुकून लागला," म्हणून बंद केला. मग गाडीत वाकून चावी काढली आणि माझ्या हातात ठेवली. "रात्री दाराशी मी बसेन," ते म्हणाले.