डाव्या गालातली गोळी

लेकीने अंगठ्यावर दात रोवले तेव्हा बाप कळवळला, पण त्याने हात मागे घेतला नाही.

"चाव हवं तर. पण डॉक्टरबाईंना तोंड उघडून दाखव."

वर्गातली बाकं भिंतीला सारून मधोमध दातांची तपासणी चालली होती. तोंडात कापूस धरून रडवेलं पोर खुर्चीतून उतरलं की रांगेतल्यांची पाचावर धारण बसे. खुद्द बापाचीही गत वेगळी नव्हती. दुधाची गाडी चालवणारा हा गडी, उतारावर ब्रेक गेले तेव्हाही डगमगला नव्हता. आज मात्र लेकीचा गाल सुजल्याचा शाळेतून निरोप आला आणि तो दूध वाटायचं अर्धवट टाकून धावत आला.

डॉक्टरबाईंनी कशीबशी एक नजर टाकली.

"दादा, दाढ काढावी लागणार. सूज डोळ्याकडे चढली असती तर भलतंच झालं असतं."

बापाने लेकीच्या सुजलेल्या गालाला हळूच हात लावला.

"पण नवल बघा, उजवीकडचे दात छान आहेत. कीड सगळी डावीकडे. असं कसं गं बाळा?"

"आम्ही गोळी तिकडेच ठेवतो," लेक म्हणाली.

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि बाबा. गाडीत. त्याची तंबाखूची, माझी लिंबाची. चावायची नाही, नुसती दाबून धरायची. शाळा येईपर्यंत पुरते." तिने जिभेने गाल आतून फुगवून दाखवला, अगदी बापासारखा.

रांगेतली पोरं खिदळली. बापही ओशाळून हसला. बाबाच्या डबीतलं मलाही दे म्हणून ती हट्ट धरायची. भलतं व्यसन नको, म्हणून त्यानेच लिंबाच्या गोळ्यांचा पुडा गाडीत आणून ठेवला होता. आपण मोठी अक्कल लढवली असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

"दादा, आधी तुम्ही बसता का जरा?"

"मी? माझं काय आता? माझं सगळं ठणठणीत आहे."

"बस ना बाबा. घाबरलास?"

सगळा वर्ग त्याच्याकडे बघू लागला. पळायला वाट उरली नाही. तो खुर्चीत बसला आणि त्याने जमेल तेवढं तोंड उघडलं. हल्ली ते पुरतं उघडतच नसे. तिखटाचा घास गेला की गालात आग व्हायची. पित्त वाढलंय असं बायकोला सांगून तो अळणी जेवत होता. आत एक चट्टा होता, भरून न येणारा. त्याला जीभ लावायचंसुद्धा त्याने सोडून दिलं होतं.

डॉक्टरबाईंनी गाल बाजूला ओढून बॅटरीचा उजेड टाकला. बराच वेळ त्या तिथेच बघत राहिल्या.

"कधीपासून आहे हे?"

त्याने छताकडे बघितलं. 'माहीत नाही' असं त्याच्या ओठांवर आलं होतं.

"बरेच महिने झाले," तो म्हणाला.

त्या खाली वाकल्या आणि पोरांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलल्या. "उद्याच मोठ्या दवाखान्यात जा, मी चिठ्ठी देते. तुकडा काढून तपासावा लागेल. आणि एकटे जाऊ नका."

तो उठला. सदऱ्याच्या बाहीने त्याने घाम पुसला आणि लेकीकडे बघून मान हलवली. बाबा हूं की चूं न करता खुर्चीतून उतरला, एवढं तिला पुरे झालं. ती आपणहून चढली आणि तिने मोठा आ केला. दाढ निघताना डोळ्यांतून पाणी आलं तेवढंच.

गाडीत बसल्यावर कापूस सांभाळत तिने बोबडं विचारलं, "बाबा, तुझी दाढ नाही काढली?"

"नाही."

"मग डॉक्टर तुझ्या कानात काय म्हणाल्या?"

त्याने किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, तरी तो गिअर न टाकता समोर बघत राहिला.

"म्हणाल्या, सगळं चांगलं आहे."

"बघ," लेक त्याच्याकडे सरकत म्हणाली, "उगाच घाबरत होतास."