मागच्या दाराचं कुलूप

दुकानात त्या दोघी बहिणींना कुणी नावानं हाक मारत नसे. थोरली माल परत घेण्याच्या काउंटरवर, धाकटी मागच्या गोदामात. तीन मजली दुकानात सुईपासून फ्रिजपर्यंत सगळं मिळायचं. काम करणाऱ्यांना टेकायला स्टूल तेवढं मिळत नव्हतं. एकदा एका गिऱ्हाइकानं बिघडलेली इस्त्री थोरलीच्या तोंडावर भिरकावली. भुवईला तीन टाके पडले, आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं तिलाच त्या माणसाची माफी मागायला लावली.

"ताई, तू ऐकून घेतलंस?" घरी धाकटीचा नुसता संताप झाला.

"दोघींच्या नोकऱ्या त्याच्या हातात आहेत, बाई."

धाकटीचं दुखणं वेगळंच होतं. गोदामातली उंच लोखंडी मांडणी हात लावला तरी डुलायची. तिनं तीनदा लेखी तक्रार दिली. "मांडणी हलतेय की तुमचं डोकं?" असं म्हणून मॅनेजर हसला. त्यातच माल चोरीला जातो म्हणून त्यानं मागच्या दाराला साखळी घालून कुलूप ठोकलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

सेलच्या दिवशी सकाळी अकराला गोदामातून असा आवाज आला, की काउंटरवरच्या काचा थरथरल्या. थोरली धावत आत गेली. मांडणी आडवी झाली होती आणि वॉशिंग मशीनच्या खोक्यांखाली धाकटी पडली होती. फोर्कलिफ्टवाल्यानं लोखंड उचलून धरलं, चौघांनी तिला ओढून काढलं. गुडघ्याखाली पाय म्हणून काही ओळखू येत नव्हतं. फोर्कलिफ्टवाल्यानं कमरेचा पट्टा काढून मांडीला करकचून आवळला, तरी फरशीवरचं रक्त पसरतच होतं.

पुढे सेलची गर्दी, म्हणून अँब्युलन्स मागच्या अंगणात येऊन उभी राहिली. बाहेरून दारावर थापा पडू लागल्या.

"साहेब, किल्ली!" थोरली ओरडली.

मॅनेजर घामाघूम झाला होता, पण जागचा हलला नाही. "देतो. आधी कुणीतरी दोघांनी साक्षीदार म्हणून सही करा. ही स्वतःच मांडणीवर चढली होती, एवढंच लिहायचंय."

"ती मरतेय हो!"

"मग लवकर करा ना सही."

थोरलीनं त्याच्या खिशाकडे हात नेला. त्यानं तिला असं ढकललं, की ती बहिणीच्या रक्तात घसरून पडली. उठली तेव्हा तिच्या हातात मांडणीची तुटलेली पट्टी होती. तिनं ती दोन्ही हातांनी उचलून त्याच्या खांद्यावर हाणली. हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. तो गुडघ्यांवर आला. दुसरा घाव जबड्यावर बसला. मग वाकून तिनं त्याच्या खिशातून किल्ली काढली.

कुलूप निघालं, दार उघडलं, स्ट्रेचर आत आलं. धाकटीचा हात धरून बाहेर पडताना थोरलीनं मागे वळून पाहिलं. बाकीच्यांनी मॅनेजरला घेरलं होतं. लाथा पडत होत्या. तो "आई गं, आई गं" करत होता. एका शब्दानं तिला त्यांना थांबवता आलं असतं. ती बोलली नाही. अँब्युलन्समध्ये चढली.

धाकटी वाचली, पाय गेला. मॅनेजरही वाचला, एका कानानं बहिरा झाला आणि एक डोळा गेला. लाथा कुणी मारल्या हे कुणालाच आठवेना. थोरलीला मात्र तीन वर्षांची शिक्षा झाली.

पहिल्या भेटीला धाकटी कुबड्या घेऊन आली. कंपनीनं चूक तिच्याच माथी मारली होती. पण फोर्कलिफ्टवाल्यानं तक्रारीच्या कागदांचे फोटो जपून ठेवले होते. तो साक्ष द्यायला तयार होता.

"माझ्यापायी आत बसलीस, ताई."

"तुझ्यापायी दोन घाव घातले. त्याचं मला काही वाटत नाही." थोरलीनं जाळीला कपाळ टेकलं. "पण ते त्याला तुडवत होते ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं गं. मनापासून बरं वाटलं. हे कोर्टात सांगितलं नाही मी."

धाकटीनं आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला.

"मी शुद्धीत होते, ताई. मलाही वाटलं होतं."