पुराच्या वर्षीची खळ

जब्बारने पत्र्याचा डबा उघडला आणि कपाळावर हात मारून घेतला. अकराव्या खेपेची खळ लावून ठेवलेले पुठ्ठेही आत सोडलेल्या कसरीने कुरतडून ठेवले होते.

बुधवार पेठेत त्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. पानशेतच्या पुरानंतर त्याने सदाशिव पेठेतल्या एका वाचनालयाची भिजलेली चाळीस पुस्तकं बांधून दिली होती. तीन वर्षांत कसरीने शेजारची कपाटं फस्त केली, पण त्या चाळिसांना तोंड लावलं नाही. ग्रंथपाल शरच्चंद्र म्हणाले, "तीच खळ असेल तर उरलेली बाराशे पुस्तकं बांधायला तुमच्याकडे. नेहमीची असेल तर राहू द्या. कसरीचं पोट आमच्याकडे भरलेलं आहे."

आता तीच खळ म्हणजे कुठली, हे ठाऊक असतं तर काय हवं होतं! मैदा आणि पाणी, यापलीकडे जब्बारने जन्मात काही घातलं नव्हतं. त्याने हिंग घातला, कडुनिंब घातला, तंबाखूसुद्धा घातला. औषधवाल्याला विचारलं, कॉलेजातल्या प्राध्यापकांचं डोकं खाल्लं. कसर मात्र जिभल्या चाटत होती, आणि उत्तर आज संध्याकाळी द्यायचं होतं.

त्याने डबा भिरकावला, तेवढ्यात त्याची बायको आबेदा जेवण घेऊन आली.

"एवढं काय झालं?" तिने विचारलं.

"पुराच्या वर्षीची खळ जमत नाही, हे झालं!"

"ती तर मी शिजवायचे. तुम्हाला कामातून सवड कुठे होती?"

"काय घालायचीस?"

"काडेचिराईताचा काढा. धाकटी रांगत येऊन खळ चाटायची. कडू केल्यावर थुंकायला लागली."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. 'माझ्या खळीत तुझं स्वयंपाकघर कालवू नकोस' म्हणून ओरडलात. मग बंद केलं." जेवणाचा डबा ठेवून ती निघून गेली.

जब्बारला भयंकर राग आला. तिच्यावर काढावा म्हटलं तर तोंड नव्हतं. जेवण तसंच ठेवून तो सदाशिव पेठेत गेला.

"सापडली का तुमची खळ?" शरच्चंद्रांनी चष्म्यावरून पाहिलं.

हो म्हणणं किती सोपं होतं!

"माझी नव्हतीच ती, साहेब. बायकोची होती," जब्बार कसाबसा म्हणाला. "पुन्हा करून देशील का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही."