चांगलं करून सांगणारी मुलगी

शाळेच्या वरच्या मजल्यावर, ग्रंथालयाला लागून समुपदेशक बाईंची खोली होती. पूर्वी तिथे जुने नकाशे आणि मोडकी बाकं ठेवायचे. बाईंनी खिडकीला फिकट निळा पडदा लावला, कुठून तरी एक लांबलचक सोफा मिळवला आणि त्यावर इतक्या उशा टाकल्या, की मुलांनी त्यांचं नावच 'उशीच्या बाई' ठेवून टाकलं. दुपारचं ऊन पडद्यातून आत आलं की ती खोली पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. खालून मैदानावरचा आरडाओरडा यायचा, पण तोही मऊ होऊन. त्या खोलीत आलेला माणूस आधी जांभई द्यायचा आणि मग बोलायला लागायचा.

बाई या कामात आल्या तेव्हा तरुण होत्या. मुलांना ठोकळे जुळवायला द्यायचे, चित्रं काढायला लावायची, कोण कुठे अडतंय ते बघायचं. पण हळूहळू त्यांना कळून चुकलं, की पोर खोलीत एकटं येतं ते नुसतं दिसायला. पाठीवर अख्खं घर घेऊन येतं बिचारं. मग केस पांढरे व्हायला लागल्यावर त्या पुन्हा विद्यार्थिनी झाल्या, आपल्या मुलाच्या वयाच्या पोरांशेजारी बसल्या आणि घरंच्या घरं समोर बसवून त्यांची गाठ सोडवायचं शास्त्र शिकून आल्या. नवरा म्हणाला, "आधी एकेकाचं डोकं खायचीस, आता घाऊक खा."

त्या शास्त्रातली एक गोष्ट बाईंच्या हातात फार छान बसली. कुणी कडू बोललं की ते वाक्य हलकेच उलटायचं आणि त्याची मऊ बाजू वर आणायची. बाप म्हणाला, "हा कार्टा माझं ऐकतच नाही," की बाई म्हणायच्या, "म्हणजे तुमचं म्हणणं त्याच्यापर्यंत पोचावं, असं तुम्हाला मनापासून वाटतं." बापाला स्वतःचाच अभिमान वाटायचा. घरीसुद्धा बाई लेकाचं बोलणं सुनेला आणि सुनेचं लेकाला असंच इस्त्री करून पोचवायच्या. कुणी तक्रार केली नव्हती. इस्त्रीचे कपडे कुणाला नको असतात?

तर या बाईंकडे एक दिवस चौथीतली एक मुलगी आली. वर्गात तिला 'पेंगू' म्हणत. गणिताच्या तासाला ती पेंगायची, भाषेच्या तासाला झोपायची आणि खेळाच्या तासाला मैदानाच्या भिंतीला टेकून ढाराढूर. डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. शिक्षकांनी हात टेकले. मुख्याध्यापक तसे वाईट गृहस्थ नव्हते, पण त्यांच्या शाळेत कुणी घोरलेलं त्यांना खपत नसे.

"मॅडम, ही शाळा आहे, स्टेशनातली वेटिंग रूम नाही," ते म्हणाले. "परीक्षेपर्यंत बघतो. नाहीतर तिला विशेष मुलांच्या शाळेत पाठवावं लागेल. तसा अहवाल तुम्हीच द्यायचा."

मुलगी दारात उभी राहिली, सोफ्याकडे बघत. डोळ्यांखाली काळं, वेणी एका बाजूची सुटलेली.

"बाई, झोपू?"

"झोप."

तिने दुसरं काही विचारलं नाही. उशीत तोंड खुपसलं आणि गेली. बाई खुर्चीत बसून तिचा श्वास ऐकत राहिल्या. त्या श्वासाची लय त्यांच्याही अंगात उतरली आणि त्यांचा डोळा लागला. त्यांना एक लांबच लांब व्हरांडा दिसला. इतक्या वर्षांत त्या खोलीत येऊन गेलेली सगळी मुलं तिथून चालली होती, चवड्यांवर, आवाज न करता. प्रत्येकाने एक मूठ घट्ट मिटलेली होती. बाईंनी एकीला विचारलं, काय आहे गं हातात? तिने ओठांवर बोट ठेवलं. जाग आली तेव्हा मुलगी उठून बसली होती आणि बाईंकडे कौतुकाने बघत होती.

"तुम्ही पण झोपलात," ती म्हणाली. "मी कुणाला सांगणार नाही."

त्यानंतर पोरीची आणि बाईंची गट्टी जमायला वेळ लागला नाही. झोप झाली की ती बोलायची, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. आई चष्म्याच्या दुकानात होती, बाबा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघांनी केव्हापासून तरी एकमेकांशी अबोला धरला होता. घर एक, टेबल एक, पण काही बोलायचं झालं तर ते मुलीमार्फत.

"आई म्हणते, 'तुझ्या बाबाला सांग, बेसिन म्हणजे गॅरेज नाही.' मग मी आतल्या खोलीत जाते आणि सांगते, 'बाबा, आई विचारते, आज खूप ग्रीस लागलं का हाताला? गरम पाणी काढून ठेवलंय.'"

"आणि पाणी?"

"ते मीच ठेवते."

"बाबा काय म्हणतो?"

"म्हणतो, 'तिला म्हणावं, तोंड बंद ठेव.' मग मी आईला सांगते, 'बाबा म्हणाला, तू दमली असशील, बोलू नकोस, बस जरा.'" ती खुदकन हसली. "बाई, आई खरंच बसली!"

निरोप नेणारी माणसं त्याला तिखटमीठ लावतात हे जगाला माहीत आहे. ही पोर जाता जाता त्यातलं तिखट काढून साखर पेरत होती. एवढ्याशा जिवाने एक अख्खं लग्न तोलून धरलं होतं. बाईंना तिचं कौतुक वाटलं, आणि लगेच काळजीही.

"मग घरी झोपत का नाहीस?"

मुलीने उशीची झालर बोटाला गुंडाळली. "मी झोपले आणि ते एकमेकांशी बोलले तर?"

"भांडतील असं वाटतं?"

"नाही हो बाई," ती मोठ्या माणसासारखी वैतागली. "नुसतं बोलले तरी त्यांना कळेल ना! आणि एक गोष्ट तर…" ती थांबली. "ती मी नाही सांगणार."

बाईंनी आग्रह केला नाही. आईबाबांना बोलावणं धाडलं.

ते दोघे आले तेही वेगवेगळ्या जिन्यांनी. आई टापटीप, पर्स मांडीवर घट्ट धरलेली. बाबा आडदांड, पण खुर्चीच्या कडेवर बसलेला, खुर्ची आपला भार झेलेल की नाही याची खात्री नसल्यासारखा. मधल्या खुर्चीत बाई. मुलगी सोफ्यावर डोळे मिटून पडलेली, अंगावर शाल. झोपू दे तिला, असं तिघांनीही ठरवलं आणि आवाज खाली केले. पडद्यातून निळसर ऊन आत आलेलं. त्या कुजबुजीत सगळं इतकं शांत वाटत होतं, की बाईंना वाटलं, आज जमणार.

"यांना सांगा मॅडम," आई बाईंकडे बघत म्हणाली, "घरात माणूस आहे की कपाट, तेच कळत नाही मला."

बाईंनी मान डोलावली आणि बाबाकडे वळल्या. "त्यांना तुमची सोबत हवीशी वाटते."

बाबा चमकला. जरा सावरून बसला. "हिला म्हणावं, दाराशी आलो की कपाळावर आठ्या दिसतात. कोण बोलेल?"

बाई आईकडे वळल्या. "तुम्ही हसून स्वागत केलंत तर त्यांना घरी यायला आवडेल, असं म्हणताहेत ते."

आईचा चेहरा सैल झाला. असं बराच वेळ चाललं. इकडून कडू यायचं, तिकडे गोड पोचायचं. बाईंचे हात नाजूक विणकामात असावेत तसे चालले होते, आणि खरं सांगायचं तर त्या मनातल्या मनात स्वतःवर खूश होत्या. केवढी ही कला!

"बाई," सोफ्यावरून आवाज आला. मुलीचे डोळे मिटलेलेच होते. "तुम्ही माझ्यापेक्षा छान करता."

तिघांनीही वळून तिकडे पाहिलं.

"पण मग रोज करावं लागतं," ती म्हणाली. "आता तुम्हालाही झोप नाही येणार."

इतकी वर्षं, इतकी घरं, इतकी उलटलेली वाक्यं. त्यातली किती घरं बाईंच्या खोलीतून बाहेर पडल्यावर जिन्यातच पुन्हा मुकी झाली असतील? एका चौथीतल्या पोरीने आपला धंदा ओळखला, कारण तिचाही तोच धंदा होता. लाज वाटली त्यांना, आणि राग आला तोही स्वतःचाच.

त्या उठल्या. आपली खुर्ची उचलली आणि भिंतीशी नेऊन ठेवली. आईबाबांच्या मध्ये आता नुसती मोकळी फरशी उरली.

"मी आता मध्ये बोलणार नाही," त्या म्हणाल्या. "जे काही असेल ते एकमेकांना सांगा."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि लगेच नजर चुकवली. अबोला मोडायचा म्हणजे कुणीतरी आधी तोंड उघडायचं, आणि त्यातच सगळा मानपान अडकलेला असतो. शेवटी आईनेच घसा साफ केला.

"तू 'राहा' म्हणालास, म्हणून मी राहिले," ती म्हणाली. "नाहीतर बॅग भरून तयार होती. परत माळ्यावर टाकली."

"कधी?" बाबा म्हणाला.

"कधी म्हणजे? हिच्याबरोबर निरोप पाठवला होता तुला. मी जातेय, काय ते सांग म्हणून. तू सांगितलंस, 'राहा.'"

बाबाने सोफ्याकडे पाहिलं. पोरीने डोळे गच्च आवळले होते आणि शालीबाहेर आलेली पावलांची बोटं आत मुडपून घेतली होती. बाबाला सगळं उमगलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. 'हो, म्हणालो होतो,' एवढं म्हणून तो पोरीला वाचवू शकत होता. बाईंच्याही ओठांवर एक सुरेख वाक्य येऊन थांबलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी नाही म्हणालो," बाबा म्हणाला. "मला कुणी विचारलंच नाही."

आईचा हात पर्सवरून सुटला. मुलगी उठून बसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी नाही सांगितलं त्याला," ती आईला म्हणाली. "खूप वेळा जायचे मी, दारापर्यंत. पण ते चांगलं करून सांगताच येईना. मग उत्तरपण मीच दिलं."

बाईंना वाटलं, धावत जावं आणि तिला पोटाशी धरावं. त्या भिंतीशी बसून राहिल्या. हे काम त्यांचं नव्हतं.

आई उठली. तिने पोरीच्या कपाळावरचे केस मागे सारले, बराच वेळ. मग तशीच उभी राहून, नवऱ्याकडे न वळता म्हणाली, "आता काय?"

"आता मला विचार," बाबा म्हणाला. "जे हिला सांगितलं होतंस ना, ते मला विचार."

आई वळली. "जाऊ मी?"

खाली मैदानावर कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. बाबा आपल्या रुंद तळहातांकडे बघत राहिला.

"माहीत नाही," तो म्हणाला. "जाऊ नकोस असं वाटतंय. पण कशाच्या जोरावर म्हणू, ते कळत नाही."

"एवढं तरी बोललास," आई म्हणाली, आणि रडायलाच लागली. रडता रडता तिचा राग उफाळून आला. "एवढंच बोलायचं होतं रे! तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

"तू तोंड फिरवून बसायचीस!"

"तू कधी समोर यायचास?"

झालं. इतक्या दिवसांचं साचलेलं बाहेर पडायला लागलं. त्यात ना इस्त्री होती ना साखर, दोघंही तोंडाला येईल ते बोलत होते, आणि मधूनच एखादं वाक्य असं यायचं की दुसरा गप्प होऊन ऐकायचा. जाणार की राहणार, ते अजून कुणालाच ठाऊक नव्हतं.

मुलगी आधी आईकडे बघायची, मग बाबाकडे. बोलणं सरळ इकडून तिकडे जात होतं आणि तिला कुठेच जायचं नव्हतं. तिची मान हळूहळू वळेनाशी झाली, पापण्या जडावल्या. ती कलंडली, तशीच, आडवीतिडवी.

"माझं ऐकून तर घे!" आई जोरात ओरडली. बाबाने खुर्चीच्या हातावर मूठ आपटली. बाई दचकून सोफ्याकडे बघू लागल्या. पोर हललीसुद्धा नाही.